ट्यूबमध्ये भरून नेलेली ज्योत

मिग्दालिया पेन्तोनच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. लोक जिथे घड्याळ लावतात तिथे तिने एक पारदर्शक नळी लावली आहे, खाली वळवून पुन्हा वर नेलेली, अर्धी पाण्याने भरलेली. पाण्यात बीटाचा रस आहे, म्हणजे चष्म्याशिवायही दिसावं. सकाळी डोळे उघडले की ती आधी त्या नळीसमोर उभी राहते. एका बाजूचं लाल पाणी उतरलेलं आणि दुसऱ्या बाजूचं चढलेलं दिसलं, की म्हणते, "पोट भरलंय," आणि कॉफीचं भांडं चढवते.

पोट म्हणजे परसातली टाकी. जमिनीत पुरलेली, विटांची, गोल. वर दिसतं ते फक्त तिचं टाळकं, कासवाच्या पाठीसारखं. शेजारच्या गोठ्यात सात डुकरं. गोठ्याचं सगळं धुणं एका पन्हळीतून टाकीत उतरतं, आत कुजतं, आणि कुजताना सुटलेला वायू पाइपातून तीन घरांच्या चुलींपर्यंत जातो. एक घर मिग्दालियाचं, एक नणंद बेल्किसचं, एक म्हाताऱ्या फेर्मिन गवंड्याचं. पालो प्रिएतो गावात बाकी सगळीकडे कोळसा नाहीतर लाकडं. सरकारने घरोघर वाटलेल्या विजेच्या शेगड्या आहेत, आणि इतक्या वर्षांनंतरही त्या नव्या कोऱ्या दिसतात, कारण वीज दिवसातून चार तास येते आणि तीही कुणाला न सांगता. वीज आली की अख्खी गल्ली एकदम तांदूळ धुवायला धावते. मिग्दालिया त्या वेळी पायरीवर बसून पंख्याने वारा घेत असते.

"बघा हिला," समोरच्या बायका म्हणतात. "डुकरांच्या जिवावर राणी झालीय."

"राणी नाही, स्वयंपाकीण," ती म्हणते. "पण धूर न खाणारी."

हे धूर प्रकरण तिच्या आयुष्यात फार जुनं. सव्वीस वर्षं ती गावच्या शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधत होती. काळ्या घेवड्याचं वरण, भात, उकडलेला कसाव्याचा कंद. आधी तेलाचे बर्नर होते. ते बंद पडले, मग ओली लाकडं आली. ओल्या लाकडांचा धूर भिंतीला लागला, कढयांना लागला आणि मिग्दालियाच्या छातीला लागला. निवृत्तीच्या दिवशी तिला एक प्रशस्तिपत्र आणि एक थर्मास मिळाला. आठवड्याने डॉक्टरणीने छातीला नळी लावली आणि सांगितलं, "मावशी, इथून पुढे धूर अगदी बंद."

"बरं. आणि जेवण?"

"ते चालू ठेवायचं."

"मग ते कशावर शिजवायचं तेही लिहून द्या की त्या चिठ्ठीवर."

डॉक्टरणीने लिहून दिलं नाही. म्हणून मिग्दालिया स्वतःच शोधायला निघाली. लोमा आल्ताच्या माळावर एक गवळी गाईंच्या शेणावर चूल पेटवतो असं तिच्या कानावर आलं होतं. ती तिथे गेली आणि दोन दिवस त्याच्या टाकीजवळ बसून राहिली. पिठाच्या पिशवीच्या पाठीवर सगळं काढून घेतलं, पन्हळ इथे, घुमट इथे, बाहेर पडायचं तोंड तिथे. गवळ्याने विचारलं, "बाई, नवरा बांधणार का तुमचा?"

"नवरा बेकरीतल्या बाईबरोबर गेला. पण नणंद ठेवून गेलाय. ती विटा वाहील."

खरंच वाहिल्या. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं धुराडं वादळात कोसळलं होतं. त्याच्या विटा वहिनी-नणंदेने हातगाडीवरून सहा महिने आणल्या. भाऊ पळाला आणि बहीण वहिनीकडेच राहिली, यावर गावात पुष्कळ हसून झालं. बेल्किसचं म्हणणं एवढंच होतं, "भाऊ मी निवडला नव्हता. वहिनीही नव्हती. पण वहिनी निघाली कामाची."

अडचण घुमटाची होती. उलटी वाटी ठेवल्यासारखं छत, आतून एक भेग चालणार नाही, वायू सुटून जाईल. गावातल्या गवंड्यांनी हात झटकले. एक जण म्हणाला, बाई अख्खी गल्ली उडवेल. शेवटी उरला फेर्मिन. फेर्मिनने चाळीस वर्षं फक्त कबरी बांधल्या होत्या.

"फेर्मिनदादा, हवा बाहेर पडता कामा नये," मिग्दालियाने बजावलं.

"मिग्दा, माझ्या बांधकामातून आजवर कुणी तक्रार करत बाहेर आलेलं नाही," तो म्हणाला आणि थापी उचलली.

घुमट पहिल्याच खेपेला साधला. ज्योत पेटली त्या दिवशी फेर्मिन चुलीसमोर टोपी काढून उभा राहिला, सवयीने.

डुकरांचं खाणं गल्लीतून येतं. हा तिकडचा जुनाच रिवाज. प्रत्येक दारामागे एक डबा असतो, त्यात कसाव्याची सालं, भाताची खरवड, केळीचे देठ, उरलंसुरलं. डुकरं पाळणारी बाई रोज फेरी मारून डबे रिकामे करते आणि वर्षाच्या शेवटी डबा देणाऱ्या घराला डुकराच्या मांसाचा तुकडा पोचवते. मिग्दालियाने त्यात आपली भर घातली. डबा देणाऱ्याला तिच्या चुलीवर डाळ शिजवून मिळते. सकाळी दहापर्यंत तिच्या ओट्यावर पाच घरांचे कुकर रांगेत बसलेले असतात, आणि कुणाचा नंबर आधी यावरून भांडणं तर होतातच.

हे असं सुरळीत चालू असताना रेइनिएर आला.

रेइनिएर तालुक्याच्या कचेरीतला तपासनीस. पंचविशीचा, शर्ट खोचलेला, मोपेडवरून उतरला की आधी पँटची घडी नीट करणारा. वस्तीत डुकरं ठेवण्यावर बंदी येणार होती. फक्त ज्यांची घाण टाकीत जाते आणि ज्यांची टाकी चालू आहे, त्यांना सूट. त्याने कागद हातात दिला.

"पंधरा दिवसांनी येतो, बाई. चूल पेटलेली दाखवायची. सही करून जातो. दोन मिनिटांचं काम."

"आत्ताच बघ की. पेटलेलीच आहे."

"आत्ता मी कागद द्यायला आलोय. बघायला पंधरा दिवसांनी."

"तोच तू, तीच चूल."

"कागद वेगळा," रेइनिएर नम्रपणे म्हणाला.

तो गेल्यावर मिग्दालियाने कागद वाचला. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं, तपासणीपूर्वी गोठा व पन्हळ क्लोरीनने निर्जंतुक करावी. सातव्या कलमात लिहिलं होतं, टाकी चालू असल्याची खात्री प्रत्यक्ष ज्योत पाहून करावी. ती एकटीच ओट्यापाशी हसत सुटली. टाकीतलं काम करतात ते जंतू. ते मेले की टाकी म्हणजे नुसता खड्डा. एका हाताने मारा आणि दुसऱ्या हाताने जिवंत दाखवा, असं सांगणारा तो कागद तिने खिळ्याला टांगला आणि डाळीकडे वळली. बेल्किसला सांगायचं राहून गेलं. पुढे मिग्दालिया हे प्रत्येकाला सांगायची, की मी हसले आणि सांगितलं नाही, चूक तिथे झाली.

कारण बेल्किसचा स्वभाव असा, की पाहुणा येणार म्हटलं की घर धुवायचं. घरात पाणी ओतायचं, खुर्च्या उलट्या टाकायच्या, फरशी घासायची आणि उंबऱ्यावरून पाणी रस्त्यावर लोटायचं. तिकडच्या सगळ्याच बायका हे करतात, पण बेल्किस करताना शेजारचे पाय वर घेऊन बसतात. तपासणीच्या आदल्या दिवशी मिग्दालिया डब्यांच्या फेरीवर गेली होती. बेल्किस पाइप बघायला आली, तिला खिळ्यावरचा कागद दिसला, तिसरं कलम दिसलं. सातव्यापर्यंत ती पोचलीच नाही. तिने कुठून तरी वीस लिटर क्लोरीन आणलं. कुठून ते विचारायची पद्धत नाही. गोठा घासला, डुकरं घासली, पन्हळ घासली, आणि उरलेला डबा शेवटी त्याच पन्हळीत उपडा केला, वाया कशाला घालवायचं म्हणून.

मिग्दालिया परतली तेव्हा गोठा इस्पितळासारखा पांढरा दिसत होता आणि सात डुकरं बिचारी एका कोपऱ्यात शिंकत उभी होती.

"कशी वाटतात?" बेल्किसने विचारलं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झालेले.

मिग्दालियाने गोठ्याचा वास घेतला, पन्हळ पाहिली, रिकामा डबा पाहिला. डोक्यावरची बादली खाली ठेवली.

"सगळं ओतलंस?"

"एक थेंब ठेवला नाही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतलं लाल पाणी दोन्ही बाजूंना सारखं होतं.

बेल्किस तोंडावर हात घेऊन भिंतीला टेकली. फेर्मिन मात्र धावत घरी गेला आणि धापा टाकत परत आला. त्याच्या खांद्यावर गॅसचा छोटा सिलिंडर होता, दुकानातला, तळाशी अजून थोडा उरलेला.

"मिग्दा, हा ओट्याखाली ठेवू, पडद्यामागे. पाइप ह्याला जोडू. त्या पोराला निळी ज्योत बघायचीय ना? ज्योतीच्या अंगावर गाव लिहिलेलं नसतं."

"नको."

"दोन मिनिटांचं काम आहे, तोच म्हणाला होता."

"फेर्मिनदादा, आठ वर्षं गाव म्हणतंय, ही बाई काहीतरी लबाडी करते, कुठून तरी गॅस चोरते. आज सिलिंडर जोडला तर ते खरं होईल. मग मी कोणत्या तोंडाने भांडू?"

"आणि डुकरं गेली म्हणजे?"

"डुकरं जाणार नाहीत."

"हे तू ठरवणार?"

"मग दुसरं कोण ठरवणार?"

रेइनिएर आला. त्याने काडी ओढली, चुलीची कळ फिरवली. काडी जळत जळत त्याच्या बोटांपर्यंत आली. दुसरी काडी ओढली. मग कागद काढला.

"बाई, ज्योत नाही."

"नाही. तुझ्या तिसऱ्या कलमाने मारली. हा वाच, मोठ्याने वाच. आता सातवं वाच. कळलं? गोठा धुतला म्हणून टाकी मेली. टाकी मेली म्हणून गोठा काढायचा. हा कागद लिहिणाऱ्याने कधी चूल पेटवली होती का?"

रेइनिएरने खरंच दोन्ही कलमं वाचली. कान लाल झाले त्याचे. "कागद मी लिहीत नाही, बाई. माझ्याकडे दोनच चौकोन आहेत. ज्योत आहे, ज्योत नाही."

"मग जे खरं, त्या चौकोनात फुली मार. आणि खाली लिही, मालकीण डुकरं हलवायला नकार देते."

"असं लिहिलं तर तुमच्याच अंगाशी येईल."

"लिही. स्पेलिंग येत नसेल तर मी सांगते."

त्याने लिहिलं. पण लिहून झाल्यावर मुदतीच्या रकान्यात जितके जास्तीत जास्त दिवस घालता येत होते तितके घातले. एकवीस. "एकवीस दिवसांत ज्योत दिसली तर रद्द होईल. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी ट्रक येतो. मी बघायला येईन."

"ये. कॉफी ठेवते."

बेल्किस त्या दिवसापासून घराबाहेर पडेना. तिसऱ्या दिवशी मिग्दालिया तिच्या दारात जाऊन उभी राहिली. नणंद पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"वहिनी, मला शिव्या दे. तू शिव्या देत नाहीस तेच मला खुपतंय."

"सवड मिळाली की देईन. रडून गॅस होत नाही. बादली घे."

दोघींनी आणि फेर्मिनने मिळून टाकी निम्म्याहून जास्त उपसली. क्लोरीनचा काळा पाणेरा रबडा लांबच्या खड्ड्यात नेऊन पुरला. मग बैलगाडीवर सहा पिंपं घालून मिग्दालिया लोमा आल्ताला गेली. गवळ्याला म्हणाली, "दादा, माझं दूध नासलंय. विरजण द्या."

गवळ्याला लगेच कळलं. त्याच्या टाकीतला जिवंत, बुडबुडणारा काला त्याने सहाही पिंपांत भरून दिला आणि वर ताज्या शेणाच्या चार पाट्या. येताना रस्ताभर पिंपं हिंदकळत होती आणि मिग्दालिया त्यांच्यात बसून प्रत्येकावर ओलं पोतं टाकत होती, उन्हाने आतले जीव मरू नयेत म्हणून. गावात शिरताना बायका नाकाला रुमाल लावत आत पळाल्या. एकजण खिडकीतून म्हणाली, "मिग्दालिया, नवरा परत आणायला गेली होतीस ना? हा त्याच्यापेक्षा बरा वास मारतोय."

"हा रोज चूल पेटवतो," मिग्दालिया पिंपांमधूनच म्हणाली.

मग वाट बघणं सुरू झालं. गोठा आता नुसत्या पाण्याने धुवायचा, तेही मोजून. साबणाचा थेंब दिसला तर फेर्मिन काठी आपटायचा. पाच घरांचे कुकर आपापल्या घरी परत गेले, गल्लीत पुन्हा कोळशाचा धूर झाला, आणि मिग्दालियाला पुन्हा खोकला लागला. डबे मात्र येत राहिले. आणि तेही नेहमीपेक्षा जड.

अकराव्या दिवशी नळीतलं पाणी हललं. बोटभर. बेल्किस ओरडतच आली. मिग्दालियाने काडी ओढून चुलीपाशी धरली. फुस्स झालं आणि काडी विझली. दुसरी विझली. तिसरी पण.

"वायू तर येतोय," बेल्किस म्हणाली. "मग काय झालं ह्याला?"

"पहिला वायू जळत नाही. तो नुसता श्वास आहे. सोडून द्यायचा."

"सगळा?"

"सगळा. पोट साफ होऊ दे."

इतकी माणसं इतके दिवस राबून जमवलेला वायू कळ उघडून वाऱ्यावर सोडून देणं, आणि तेही मुदतीतले दिवस जात असताना, याला छाती लागते. मिग्दालियाने तो सोडला. चौदाव्या दिवशी परत सोडला. सतराव्या दिवशी काडीभोवती निळसर काहीतरी लपकलं आणि गेलं. तिने कळ बंद केली आणि डब्यांच्या फेरीला निघाली.

एकोणिसाव्या दिवशी कळ फिरवली, काडी लावली, आणि ज्योत पेटून उभी राहिली. बुटकी, निळी, कडेला थोडी पिवळी. मिग्दालियाने तिच्यावर कॉफीचं भांडं ठेवलं आणि भांडं उकळेपर्यंत हलली नाही. बेल्किसने पहिला कप उचलला आणि विचारलं, "आता शिव्या देणार?"

"आता कॉफी पी."

विसाव्या दिवशी तिने रेइनिएरची वाट बघितली. एकविसावा दिवस शुक्रवारचा होता. सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, मोपेड काही आली नाही. नऊ वाजता पोस्टमन सांगत आला, की कचेरीत पेट्रोल नाही, सगळे तपासनीस टेबलाशी बसून आहेत. सोमवारचा ट्रक मात्र येणार, त्याचं डिझेल वेगळ्या खात्यातून येतं.

बेल्किस खालीच बसली. "म्हणजे ज्योत आहे, पण बघायला कुणी नाही."

मिग्दालियाने नळीकडे बघितलं. लाल पाणी चांगलं हातभर चढलेलं.

"फेर्मिनदादा, तुमच्या अंगणात ती ट्रॅक्टरची ट्यूब पडलीय, पोरं नदीत नेतात ती. फुटकी आहे का?"

"धड आहे. का?"

"घेऊन या."

ट्यूब आणली, तिच्यावर लोळून लोळून आतली सगळी हवा काढली, तोंडातला व्हॉल्व्ह काढून चुलीचा पाइप लावला. वायूने ट्यूब हळूहळू वर उचलली. पुरी टम्म नाही झाली, पण अंग धरलं. मिग्दालियाने बूच मारलं, एका पिशवीत चुलीचा सुटा बर्नर, कॉफीचं भांडं, कॉफीची पुडी, पाण्याची बाटली आणि शाळेने दिलेला थर्मास घातला. तिघं घोडागाडीने शहराला निघाली.

"हे काय घेऊन चाललाय?" घोडागाडीवाल्याने विचारलं. "वास येतोय."

"माझा भाऊ आहे," बेल्किस म्हणाली. "चालव."

कचेरीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने काठी आडवी धरली. "ट्यूब आत नेता येणार नाही. काय आहे त्यात?"

"कागदपत्रं," मिग्दालिया म्हणाली आणि व्हरांड्यातच मांडामांड सुरू केली.

सकाळपासून वीज नव्हती. आत पंखे बंद, कर्मचारी फायलींनी वारा घेत होते. विजेवरची कॉफीची किटली टेबलावर मुकाट पडलेली. रेइनिएर खिडकीतून हे सगळं बघून उठून बाहेर आला, आणि त्याच्यामागून त्याची वरिष्ठ आली. जाड चष्म्याची, हातात शिक्क्याची डबी. ही डबी ती जेवायलाही बरोबर नेत असे.

"ही काय नाटकं आहेत?"

"नाटक नाही, बाई. सातव्या कलमात लिहिलंय, प्रत्यक्ष ज्योत पाहून खात्री करावी. आज शेवटचा दिवस. तुम्ही ज्योतीकडे आला नाहीत, म्हणून ज्योत तुमच्याकडे आलीय. फेर्मिनदादा, बसा."

फेर्मिन टोपी सावरून ट्यूबवर बसला. त्याच्या वजनाने वायूला जोर आला, बर्नर सुसू करू लागला. मिग्दालियाने काडी ओढली. पहिली वाऱ्याने विझली. व्हरांड्यात कुणीतरी हसलं. दुसऱ्या काडीला बेल्किसने दोन्ही हातांची ओंजळ धरली, आणि ज्योत उठली. निळी. दिवसाउजेडी नीट दिसेना, म्हणून वरिष्ठ बाई चष्मा सरकवून वाकल्या.

"हात धरा वर, मग दिसेल," मिग्दालिया म्हणाली.

बाईंनी हात धरला आणि लगेच मागे घेतला.

भांडं चढलं. व्हरांड्यात एकेक करत माणसं जमली. हिशेबनीस आला, टंकलेखक आली, पहारेकरी काठी भिंतीला लावून आला. कॉफीचा वास सुटला तेव्हा सगळे पुढे सरकले. सकाळपासून कुणाच्या पोटात कॉफी नव्हती, आणि तिकडे माणूस एक वेळ जेवणाशिवाय राहील.

"नीट बसा, फेर्मिनदादा, ज्योत बारीक होतेय."

"मी माझ्या वजनाने बसलोय. जास्तीचं कुठून आणू?"

पहारेकऱ्याने फेर्मिनच्या शेजारी ट्यूबवर बूड टेकलं. ज्योत वर आली.

छोट्या कपांत कॉफी फिरली. वरिष्ठ बाईंनी घोट घेतला, रेइनिएरकडे बघितलं, डबी उघडली. ज्योत आहे, त्या चौकोनात फुली. शिक्का बसला. रेइनिएरने कागद दोन्ही हातांनी मिग्दालियाला दिला.

ती उठली नाही.

"आता तिसरं कलम," ती म्हणाली. "ते खोडा."

"ते वरून छापून येतं. मला खोडता येत नाही."

"मग खाली हाताने लिहा. टाकी असेल तर क्लोरीन टाकू नये. एकच ओळ. ह्याच कागदाने उद्या दुसऱ्या गावातली बाई आपली टाकी मारेल, आणि तिच्याकडे ना लोमा आल्ताचा गवळी असेल, ना फेर्मिनदादाचं बूड."

"छापील नमुन्यावर हाताने लिहिता येत नाही."

"कुठल्या कलमात लिहिलंय तसं?"

बाईंनी शिक्क्याची डबी बंद केली. ट्यूब रिकामी होत आली होती. फेर्मिन आणि पहारेकरी हळूहळू जमिनीकडे निघाले होते. ज्योत फडफडली आणि गेली. मिग्दालियाने बर्नर गार होऊ दिला, फडक्यात गुंडाळला, उरलेली कॉफी थर्मासात ओतून तो बाईंच्या हातात दिला.

"हा ठेवा. पुढच्या शुक्रवारी न्यायला येईन. ट्यूब भरून आणते."

"परत कशाला? तुमचं काम झालंय."

"माझं झालंय," मिग्दालिया म्हणाली. "कलमाचं व्हायचंय."

पुढच्या शुक्रवारी ती आली. त्याच्या पुढच्याही आली. त्या दिवशी वीज होती, तरी व्हरांड्यात सगळे कप घेऊन उभे होते. वरिष्ठ बाई अजून म्हणतात, नमुना वरून येतो. पण रेइनिएर आता कागद द्यायला गेला की मोपेडवर बसण्याआधी तिसऱ्या कलमाशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहितो, बारीक अक्षरात, आणि मालकिणीला म्हणतो, हे आधी वाचा. मिग्दालियाला हे कळलंय. तिचं म्हणणं, पेन्सिल खोडता येते, शाईने लिहा. म्हणून दर शुक्रवारी घोडागाडी निघते. बेल्किस भांडं सांभाळते, आणि फेर्मिन ट्यूबला मिठी मारून मागे बसतो. त्याने आता घरून उशी आणली आहे.